हाती पैसा नसताना आयकराचे विवरणपत्र

आयकराचे विवरणपत्र दाखल करणे आणि त्यात निघालेला कर भरणे ही कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळी कर्तव्ये आहेत. पैशांची सोय झाली नाही म्हणून विवरणपत्रच बाजूला ठेवणाऱ्या करदात्याच्या नुकसानीची सुरुवात ही दोन कर्तव्ये एकच मानण्यातून होते.

नोकरदाराच्या पगारातून दरमहा करकपात होत असल्याने त्याच्यावर हा प्रसंग सहसा येत नाही. तो येतो घर किंवा शेअर विकून नफा झालेल्यांवर आणि अशा लहान व्यावसायिकांवर, ज्यांची येणी बाजारात अडकलेली असताना कराची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. वर्षाचा देय कर 10,000 रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास तो जून ते मार्च या काळात चार हप्त्यांत आगाऊ भरायचा असतो, आणि तसे न झाल्यास ती रक्कम स्वनिर्धारण कर म्हणून, म्हणजे करदात्याने स्वतः हिशेब करून भरायचा कर म्हणून, विवरणपत्राच्या वेळी एकदम पुढ्यात येते.

समजा, एखाद्याचा 60,000 रुपये कर निघाला, आगाऊ कर काहीच भरलेला नाही आणि विवरणपत्राची मुदत 31 जुलै आहे. आगाऊ कर न भरल्याबद्दल एप्रिलपासून दरमहा एक टक्का, म्हणजे 600 रुपये व्याज चालू झालेलेच असते, आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरला जातो. विवरणपत्र वेळेत दाखल झाले तर उशिराबद्दलची वेगळी आकारणी होत नाही. मात्र ते 31 डिसेंबरपर्यंत रखडले, तर पाच महिन्यांचे आणखी 3,000 रुपये व्याज आणि उत्पन्न पाच लाखांहून अधिक असल्यास 5,000 रुपये विलंब शुल्क पडते. शिवाय व्यवसायातील किंवा शेअरमधील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्कही जातो, आणि मंदीत सापडलेल्या माणसाला हीच गोष्ट सर्वांत महागात पडते.

कर न भरता दाखल केलेले विवरणपत्र सदोष ठरवणारी तरतूद 2016 च्या वित्त कायद्याने काढून टाकली आणि आयकराच्या पोर्टलवर आज ‘पे लेटर’ हा पर्याय दिसतो. तो निवडणारा करदाता थकबाकीदार ठरू शकतो, म्हणून जमेल तेवढी रक्कम चलनाने आधी भरणे हिताचे असते. ती प्रथम शुल्क आणि व्याजात वळती होते व उरलेली करात धरली जाते. मुदत ठेव असेल तर तिच्यावर काढलेले कर्ज या महिना एक टक्क्याच्या व्याजापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

विभागाकडून मागणीची नोटीस आली की रक्कम भरायला साधारणतः 30 दिवस मिळतात. याच दिवसांत करदात्याने अर्ज केल्यास कर निर्धारण अधिकारी मुदत वाढवून किंवा हप्ते बांधून देऊ शकतो, अशी तरतूद 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 220 मध्ये आहे. नोटीस भीतीपोटी उघडलीच जात नाही आणि तिच्यातच दडलेली ही सवलत हातची जाते, ही खेदाची बाब आहे. सवलत देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर असल्याने ‘परिस्थिती बिकट आहे’ एवढेच लिहिलेला अर्ज दुबळा ठरतो. बँकेचे उतारे, येण्यांची यादी आणि कोणत्या तारखेला किती रक्कम भरणार याचा तक्ता जोडलेल्या अर्जाला वजन येते. हप्ते मिळाले तरी व्याज थांबत नाही. मागणीच मान्य नसेल तर अपील करून वसुलीला स्थगिती मागता येते, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे वादग्रस्त रकमेच्या 20 टक्के भरावे लागतात.

काहीच न करता ते 30 दिवस गेले, तर थकबाकीइतका दंड होऊ शकतो, इतर वर्षांचा परतावा परस्पर वळता होऊ शकतो आणि खात्यातील रक्कम थेट विभागाला देण्याचा आदेश बँकेला मिळू शकतो. त्यानंतरही मागणीवरील व्याज कमी करण्याची विनंती आयुक्त पातळीवरील वरिष्ठांकडे करता येते. त्यासाठी खरी हलाखी, हाताबाहेरची कारणे आणि चौकशीत केलेले सहकार्य या तिन्ही गोष्टी एकत्र दाखवाव्या लागतात.