गवतावरचे गाणे

माझे धाकटे दीर सॅन फ्रान्सिस्कोला राहतात. २०२२ साली आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. १ ऑक्टोबरला, शनिवारी सकाळी ते म्हणाले, “वहिनी, आज बागेत गाणे आहे. तिकीट नाही, निमंत्रण नाही. सतरंजी घ्या, डबा घ्या आणि चला!” फुकट गाणे म्हटल्यावर मराठी माणूस मागे कसा राहील? दशम्या, लसणाची चटणी, थर्मासभर चहा, दोन मुले आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असा आमचा लवाजमा निघाला.

बाग म्हटल्यावर सारसबाग डोळ्यांपुढे आणू नका. गोल्डन गेट पार्क हे हजार एकरांहून मोठे उद्यान. एकोणिसाव्या शतकात ओसाड वाळूच्या टेकड्यांवर झाडे लावून ते उभे केले. त्यातल्या कुरणांवर जागोजाग व्यासपीठे उभारलेली. कुणाचे नाव ‘बॅन्जो’, कुणाचे चक्क ‘कोंबडा’! महामारीमुळे २०२० व २०२१ ही दोन वर्षे येथे श्रोत्यांविना गेली होती. त्यामुळे की काय, लोक नुसते आले नव्हते, लोटले होते. तान्ही मुले, आजोबा, कुत्री, साबणाचे फुगे उडवणारी पोरे, आणि सगळ्यांचे बूड गवतावर. सासूबाई म्हणाल्या, “ही तर जत्राच गं! फक्त देव तेवढा दिसत नाही.”

या जत्रेचे नाव ‘हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास’. २००१ साली ती सुरू झाली तेव्हा नाव होते ‘स्ट्रिक्टली ब्लूग्रास’, म्हणजे निव्वळ ब्लूग्रास. पुढे इतर तऱ्हेचे गाणारेही येऊ लागले, तेव्हा यजमानांनी आपल्याच नावाची थट्टा केली, ‘निव्वळ कसले!’ असा त्याचा भावार्थ.

अमेरिकेतल्या ग्रामीण गाण्याला तिकडे ‘कंट्री’ म्हणतात. ब्लूग्रास हे त्यातले एक घराणे समजा. केंटकीच्या बिल मन्रोने ते नावारूपाला आणले. १९४५ साली अर्ल स्क्रग्ज हा तरुण त्याच्या ताफ्यात आला आणि तीन बोटांनी बॅन्जो छेडण्याच्या त्याच्या ढंगाने या संगीताला वेग दिला. आपल्याकडे वरातीत वाजतो तो बेंजो निराळा. या बॅन्जोचे मूळ, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या भोपळ्याच्या वाद्यांत आहे. दिरांनी हे सांगितले तेव्हा सासूबाईंनी मान डोलावली. “भोपळा होय? मग तो आपल्या तंबोऱ्याचा भाऊबंदच की!”

हा सारा खर्च सुरू केला वॉरेन हेलमन नावाच्या धनिकाने. धंदा पैसे गुंतवण्याचा आणि छंद बॅन्जोचा. २०११ च्या डिसेंबरात ते वारले. पण आपल्यामागेही गाणे फुकटच राहावे, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. एका कुरणाला आता त्यांचे नाव आहे. त्यांची आवडती गायिका हेझल डिकन्स. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगारांच्या घरातली ही बाई मजुरांची दुःखे गाई, मालकांना चार शब्द सुनावी. तीही २०११ सालीच गेली. पैसेवाल्याने मजुरांची गाणी ऐकवावी, यात एक विसंगती आहे खरी. पण हेलमननी नुसता पैसा दिला नाही. ते स्वतः बॅन्जो घेऊन त्या गाण्यांपाशी बसले, याचे मला अधिक वाटते.

दुपार कलली. समुद्रावरचा वारा झोंबू लागला. मी म्हटले, “आई, शाल देऊ का?” त्यांनी हातानेच गप्प केले. समोर एक प्रौढ बाई, साथीला फक्त फिडल घेऊन, संथ लयीत गात होती. सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही. तरी त्या पुटपुटल्या, “हिचा धनी कामावर गेलाय आणि परत यायचा भरवसा नाही, होय ना रे?” दीर चकित झाले. गाणे खरोखरच खाणीत गेलेल्या नवऱ्याचे होते.

आणि मग माझ्या लक्षात आले, की सासूबाईंचा उजवा हात मांडीवर गोल फिरतो आहे. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. ती जात्यावरची ओवी होती!

वाचकहो, वीस वर्षे मी महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवते. साने गुरुजींनी जमवलेल्या ओव्यांवर बोलते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या गोळा करवल्या, हे विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगते. आणि ज्या घरात मी रोज जेवते, तिथल्या बाईला ‘तुम्हांला ओव्या येतात का?’ असे एकदाही विचारले नव्हते.

“आई, इतक्या वर्षांत कधी म्हटल्या नाहीत!”

“कशावर म्हणू? सातारकडच्या आमच्या घरी पहाटे दळायला बसायचो. लग्न होऊन दादरला आले, तर खाली पिठाची गिरणी. जाते सुटले तशी ओवी सुटली. मिक्सरवर काय ओवी म्हणायची?” आणि जरा थांबून, “शिवाय तू शिकलेली. तुला पुस्तकातल्या चांगल्या ठाऊक असतील.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

त्या रात्री दिरांच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. थोरल्या मुलीने मोबाईल पुढे ठेवला. परात पालथी घालून तिच्यावर हात फिरवीत सासूबाई गाऊ लागल्या. सत्तावीस ओव्या झाल्या. अठ्ठाविसावी अर्ध्यावर अडली. भावाची होती, पुढची ओळ काही केल्या आठवेना. “माझ्या आईला ठाऊक होती,” त्या म्हणाल्या.

ती ओवी आमच्याकडे अजून अर्धीच आहे.