मोटारीचे मेण

मोटारीचे मेण म्हणजे वाहनाच्या रंगावर चोळला जाणारा पातळ संरक्षक लेप होय. त्याने रंग नवा होत नाही. सूक्ष्म ओरखडे भरल्याने प्रकाश कमी विखुरतो आणि रंग गडद भासतो. लेप धुऊन गेला की ओरखडे पुन्हा दिसू लागतात, हे जुनी मोटार विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

नैसर्गिक मेणांत कार्नौबा प्रमुख आहे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून ते मिळते. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते आणि इतके कठीण असते की द्रावक, तेले वा मधमाश्यांचे मेण मिसळल्याखेरीज चोळता येत नाही. काळ्या किंवा गडद लाल रंगावर त्याची ओलसर झाक खुलते. पांढऱ्या वा चंदेरी रंगावर फरक क्वचितच जाणवतो. पॉलिमरचे कृत्रिम लेप अधिक टिकतात. त्यांची चकाकी काचेसारखी असते, काहींना ती रुक्ष वाटते. हा अर्थात आवडीनिवडीचा प्रश्न.

‘क्लीनर वॅक्स’ची गोष्ट निराळी. त्यातील घर्षक कण निस्तेज थर खरवडतात, म्हणून चमक तत्काळ दिसते. मात्र आधुनिक मोटारींवरील पारदर्शक थर केसाहूनही पातळ असतो आणि प्रत्येक वापरात थोडा झिजतो. ही झीज कोणत्याही मेणाने भरून निघत नाही.