अतिसारानंतरचा संधिशोथ : रुग्णेतिहासातील एक राहून जाणारा प्रश्न

वर्षाऋतूत व त्यानंतर सातारा-सांगली भागातील वैद्यांकडे संधिशूलाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. आमवात, वातरक्त किंवा चिकुनगुन्या यांपैकी एक निदान होऊन चिकित्सा सुरू होते. मात्र ‘गेल्या महिन्याभरात जुलाब झाले होते का?’ हा प्रश्न अनेकदा राहून जातो. रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस अर्थात संसर्गोत्तर संधिशोथाचे निदान याच प्रश्नावर अवलंबून असते.

साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर व यर्सिनिया हे आंत्रगत जीवाणू, तसेच मूत्रमार्गातील क्लॅमायडिया, ही याची प्रमुख कारणे होत. संसर्गानंतर साधारणतः एक ते चार आठवड्यांनी सांधे सुजतात. सांध्यात जिवंत जीवाणू वाढत नसतात. जीवाणूंच्या अंशांविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा जो क्षोभ निर्माण करते, त्यातून हा शोथ होतो. एचएलए-बी२७ हा जनुकीय घटक असणाऱ्यांत व्याधी तीव्र व दीर्घकालीन होण्याचा संभव अधिक; तथापि तो नसला म्हणून निदान बाद होत नाही.

आपल्या भागात दूषित जलाचे प्रसंग विरळ नाहीत. २००५, २०१९ व २०२१ साली कृष्णेच्या पुराने सांगली परिसर वेढला. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद-फलटणमार्गे जाते, तेव्हा लाखो वारकरी वाटेतील पाण्यावर विसंबतात. २०२५ च्या आरंभी पुण्यात गुलियन-बारे सिंड्रोमचे २०० हून अधिक संशयित रुग्ण आढळले. त्यांतील काहींच्या मलपरीक्षणात कॅम्पायलोबॅक्टर मिळाला. तोच जीवाणू एका रुग्णात नाडीसंस्थेवर, तर दुसऱ्यात सांध्यांवर आघात करवितो.

गुडघा, घोटा अशा अधःशाखेतील मोजक्या सांध्यांची विषम सूज, टाचेचा शूल, संपूर्ण बोट फुगणे, नेत्ररक्तता व मूत्रदाह ही लक्षणे शोधावीत. माधवकरांनी आमवाताच्या संप्राप्तीत अग्निमांद्य व आम यांना दिलेले स्थान येथे विचारप्रवर्तक आहे. परंतु दोन्ही व्याधी एकच मानू नयेत. आमावस्थेत लंघन, दीपन-पाचन व वालुकास्वेद योजताना वेगळे निदान निसटता कामा नये.

एकच सांधा अकस्मात लाल, उष्ण होऊन ज्वर आला तर पूयजन्य संधिशोथ समजून रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. विलंबाने तरुणास्थीचा नाश होतो. बालकात घसादुखीनंतर एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारा शूल असल्यास आमवातज ज्वर, म्हणजेच र्‍हुमॅटिक फीव्हर, लक्षात घेऊन हृदयपरीक्षण करवावे. क्लॅमायडिया आढळल्यास रुग्ण व जोडीदार दोघांनाही प्रतिजैविक आवश्यक आहे. आंत्रसंसर्गानंतरच्या संधिशोथात मात्र प्रतिजैविकाने व्याधीचा काळ कमी होत नाही. नेत्रशूल व प्रकाश असह्य होणे यांसाठी नेत्रतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चिठ्ठीविना देऊ नये, घटक न छापलेली चूर्णे विकू नयेत. वेदना तात्पुरती दबते. आत पू असेल तर तो वाढत राहतो. बहुसंख्य रुग्ण तीन ते बारा महिन्यांत बरे होतात, काहींत मात्र व्याधी चिरकारी होते. हे रुग्णास आरंभीच सांगितल्यास तो धीर धरतो व औषधांमागून औषधे बदलत फिरत नाही.