स्पॅनिश उच्चारांसाठी माद्रिद गाठायलाच हवं?

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हिंदीच्या जोडीने स्पॅनिशही शिकवली जाते. शिकणाऱ्याला घरचे हमखास विचारतात, ‘इथे बसून उच्चार कसे जमणार? त्यासाठी त्या देशातच राहायला हवं.’

हा समज पुराव्यावर टिकत नाही. मानुएल दीआस-काम्पोस यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४६ विद्यार्थ्यांचे उच्चार सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासले. २६ जण स्पेनमधल्या आलिकान्ते शहरात शिकत होते, २० जण अमेरिकेतल्या वर्गात. शब्दारंभीचे प, त, क दोन्ही गटांचे सुधारले. दोन स्वरांमधले मृदू ब, द, ग मात्र दोन्ही गटांना जमले नाहीत. शिक्षण किती वर्षं झालं आणि वर्गाबाहेर भाषा किती वापरली, यांचा प्रभाव दिसला. ही चाचणी वाचनाची होती, हे लक्षात ठेवावं. मोकळ्या बोलण्यात परदेशवासाचा लाभ अधिक दिसतो.

दुसरा गैरसमज मला जास्त खटकतो: मराठी जीभ स्पॅनिशला वळत नाही. इंग्रजीभाषकांना प, त, क उच्चारताना हवेचा झोत आवरायला शिकावं लागतं. आपण प आणि फ, त आणि थ बाळपणापासून वेगळे बोलतो. दातांना टेकणारा त आपलाच. तरीही वर्गात ‘तू’चा ‘टू’ होतो, ‘ओला’ (नमस्कार) या शब्दाचं ‘होला’ होतं, कारण रोमन अक्षरं आपण इंग्रजीच्या सवयीने वाचतो. हातातली जमेची बाजू अशी वाया जाते. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी ‘हा आपला त’ असं स्पष्ट सांगायला हवं.

आपली खरी अडचण वेगळी आहे. स्पॅनिशमध्ये दोन स्वरांमधला द म्हणताना जीभ पुरती टेकत नाही, आपण ती टेकवतो. शिवाय आघात: ‘आब्लो’मध्ये जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत आघाताने असा अर्थ बदलत नाही, म्हणून कान तिकडे जातच नाही.

नुसतं ऐकत राहिलं की सगळं आपोआप येतं, हेही खरं नाही. जिलियन लॉर्ड यांनी २०१० मध्ये मेक्सिकोत शिकायला गेलेल्या एका लहान गटाबद्दल लिहिलं. ध्वनिशास्त्र आधी शिकलेल्यांची प्रगती जास्त झाली.

तेव्हा वर्ध्यात शिकणाऱ्यांनो, मोबाइलवर स्वतःचं वाचन ध्वनिमुद्रित करा, स्पॅनिश माणसाच्या वाचनाशी ताडून पाहा, आणि वर्ग सुटल्यावरही एकमेकांशी स्पॅनिशमध्येच बोला.