बिओबिओ नदी आणि चिलीची वीज

वीजनिर्मितीच्या उद्योगातून सरकारने अंग काढून घेतले, म्हणजे नद्यांच्या आणि अरण्यांच्या रक्षणाचा भार कोणाच्या शिरावर येतो, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्यास दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचा अनुभव फार उद्बोधक वाटेल. तेथे 1982 मध्ये विजेचा नवा कायदा अमलात आला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत एन्देसा ही सरकारी मालकीची बलाढ्य वीजकंपनी खासगी भागधारकांच्या ताब्यात गेली. परंतु पर्यावरणाचा मूलभूत कायदा व्हावयास 1994 साल उजाडावे लागले. याच अवधीत बिओबिओ नदीवरील पांगे धरणास मंजुरी मिळून गेली, आणि जागतिक बँकेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने त्यास अर्थसाहाय्यही दिले. खासगी भांडवल स्वभावतःच निसर्गद्रोही असते, असे मी म्हणणार नाही, कारण सरकारी धरणांनीही पुष्कळ गावे बुडविली आहेत. मात्र विक्री आधी आणि नियमन मागाहून, हा क्रमच मला घातक वाटतो. पुढे नदीच्या वरच्या अंगास राल्को धरण उभे राहू लागले, तेव्हा पर्यावरणाचा कायदा होता आणि आदिवासींच्या जमिनींना संरक्षण देणारा 1993 चा कायदाही होता. तरीही वर्षानुवर्षे विरोध करीत आलेल्या पेवेंचे या आदिवासी समाजातील कुटुंबांच्या जमिनी 2004 मध्ये जलाशयाखाली गेल्या.