भुताच्या हॉटेलातली रात्र : भीती कुठून येते आणि काळजी केव्हा करावी?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतरांगांत एस्टेस पार्क नावाचे छोटे गाव आहे. तिथले स्टॅनले हॉटेल ‘भुतांचे हॉटेल’ म्हणून जगभर ओळखले जाते. अशा ठिकाणी राहून आलेले लोक ‘खोलीत कोणीतरी होते’, ‘छातीवर कोणीतरी बसले होते’ असे सांगतात. ते बहुधा खोटे बोलत नसतात. अनुभव खरा असतो. त्याचा लावलेला अर्थ मात्र तपासावा लागतो. यातले बहुतेक अनुभव निरुपद्रवी असतात, पण त्यामागचे एखादे कारण जिवावर बेतू शकते. म्हणून ही कारणे माहीत असणे गरजेचे आहे.

हॉटेलची थोडी पार्श्वभूमी

वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारे फ्रीलन ऑस्कर स्टॅनले क्षयरोगामुळे १९०३ मध्ये एस्टेस पार्कला आले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवरच भर असे. स्टॅनले यांची प्रकृती सुधारली आणि त्यांनी उभारलेले हे हॉटेल १९०९ मध्ये सुरू झाले. १९११ मध्ये गॅसगळतीमुळे तिथे स्फोट होऊन एक महिला कर्मचारी जखमी झाली. २१७ क्रमांकाच्या खोलीच्या कथा या घटनेशी जोडल्या जातात. १९७४ मध्ये लेखक स्टीफन किंग याच खोलीत एक रात्र राहिले. हंगाम संपत आल्याने हॉटेल जवळजवळ रिकामे होते. रात्री भयानक स्वप्न पडून ते दचकून जागे झाले. त्यातूनच पुढे १९७७ मध्ये ‘द शायनिंग’ ही कादंबरी आली.

अशा रात्री शरीरात काय घडते?

१. नव्या जागेतली पहिली रात्र
नवीन जागी पहिल्या रात्री झोप सावध असते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की अशा रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा अधिक जागरूक राहतो. त्यामुळे जुन्या लाकडाची करकर किंवा पाइपातला आवाज यानेही जाग येते.

२. उंचीचा परिणाम
एस्टेस पार्क समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब जवळपास एक चतुर्थांश कमी असतो, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक ऑक्सिजनही कमी मिळतो. अशा उंचीवर काही जणांचा श्वास झोपेत जलद होतो, मग काही सेकंद थांबतो आणि ते दचकून उठतात. झोप पुन्हापुन्हा मोडली, की स्वप्नेही जास्त लक्षात राहतात.

३. झोपेतला लुळेपणा (स्लीप पॅरालिसिस)
‘छातीवर भूत बसले’ या अनुभवाचे हे सर्वांत नेहमीचे कारण. आपण स्वप्न पाहतो तेव्हा मेंदू हातापायांचे स्नायू शिथिल ठेवतो, म्हणजे स्वप्नातल्या हालचाली आपण प्रत्यक्षात करत नाही. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून मोकळे होतात. तेवढ्या वेळात हलता येत नाही, बोलता येत नाही, छातीवर दाब जाणवतो आणि अर्धवट उरलेले स्वप्न खोलीत दिसू लागते. साधारण शंभरातील सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. तो काही सेकंदांत किंवा मिनिटांत आपोआप ओसरतो. अपुरी झोप, प्रवासाचा शीण, ताण आणि उताणे झोपणे यांमुळे त्याची शक्यता वाढते.

४. आधी ऐकलेली गोष्ट
भुताची गोष्ट ऐकून झोपले, की मेंदू धोका शोधत राहतो. ॲड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, अंगावर काटा येतो. खुंटीवरचा कोट अंधारात माणसासारखा दिसतो. गोष्ट माहीत नसती, तर त्याच आवाजाकडे आपण लक्षही दिले नसते.

दुर्लक्ष करू नये असे कारण : कार्बन मोनॉक्साइड

१९२१ मध्ये अमेरिकन नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. नव्या घरात त्यांना पावलांचे आवाज ऐकू येत, अनोळखी आकृती दिसत. सगळ्यांना डोकेदुखी आणि थकवा होता. दोष निघाला घर तापवणाऱ्या भट्टीत. तिचा धूर बाहेर न जाता घरात पसरत होता.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि मेंदूचा ऑक्सिजन तोडतो. आपल्याकडे थंड हवेच्या ठिकाणी बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी किंवा हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गीझर यांपासूनही हाच धोका असतो.

पुढील गोष्टी दिसल्या तर भूत नव्हे, वायू आठवा :
• एकाच खोलीतील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर
• गोंधळल्यासारखे होणे, ग्लानी येणे
• बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे

अशा वेळी सर्वांना ताबडतोब बाहेर काढा आणि रुग्णवाहिका बोलवा (भारतात १०८). बरे वाटले तरी त्याच खोलीत परत झोपू नका.

लुळेपणा जाणवला तर काय करावे?

हा अनुभव ओसरणार आहे, हे स्वतःला सांगा. श्वास संथ ठेवा. सगळे अंग हलवण्याची धडपड न करता फक्त एक बोट किंवा जीभ हलवण्याचा प्रयत्न करा. नंतर थोडे उठून बसा आणि कुशीवर झोपा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• असा लुळेपणा वारंवार येत असेल किंवा त्याच्या भीतीने झोप टाळली जात असेल
• दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा हसताना अचानक गुडघ्यांतले बळ जात असेल
• झोपेत मोठे घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे
• पूर्ण जागेपणी आवाज ऐकू येणे, माणसे दिसणे
• वयस्कर व्यक्तीला ताप किंवा आजारपणात अचानक भास होणे (यात वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे)

घरातल्या कोणी असा अनुभव सांगितला तर थट्टा करू नका आणि आधी मांत्रिकाकडेही धावू नका. लाजेपोटी गप्प राहिलेला किंवा अंगाऱ्या-धुपाऱ्यांत अडकलेला रुग्ण उपचारांपर्यंत उशिरा पोहोचतो. अनुभव नेमका केव्हा आला, झोपेच्या काठावर की लख्ख जागेपणी, एकट्याला की सगळ्यांना, एवढे लिहून ठेवले तरी डॉक्टरांना निदानासाठी मोठी मदत होते.

भुताच्या गोष्टी जरूर ऐका, जुन्या हॉटेलांतही हौसेने राहा. फक्त झोपण्यापूर्वी खोलीत हवा खेळती आहे ना, शेगडी किंवा हीटर नीट आहे ना, एवढे पाहून घ्या.