माडावरची बक्षिसी

आमचे वडील रत्नागिरीकडे माड साफ करतात. मजुरी माडामागे ठरलेली. वर मालक खुशीने एखाददुसरा नारळ किंवा चहापाण्याचे पैसे देतो, ती बक्षिसी. गंमत अशी, की नारळ भरपूर उतरले की बक्षिसी मोठी! वास्तविक कसब शेंड्यात आहे. गेंड्या भुंगा कोवळा कोंब पोखरतो; माडाला वाढीचा कोंब एकच, तो मेला की माड गेला. वडील लोखंडी आकडीने भुंगा ओढून काढतात. खालून ते कोणाला दिसणार?

गेल्या सुटीत मी तो मेलेला भुंगा मालकीणबाईंना नेऊन दाखवला. त्यांनी पाच नारळ दिले. वडील वाटभर गप्प होते. घराशी आल्यावर एवढेच म्हणाले, "मागून घेतलेस की रे!"